कडू शेवटाची गोडी

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस चित्रपटावर बोलण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत थोडा हशा पिकला. बोनस, ग्रॅच्युइटी, टाळेबंदी हे आमचे नेहमीचे विषय. चित्रपट हा काही आमचा प्रांत नव्हे. शाळा आमची नववीतच सुटली, आणि इंग्रजी आम्ही शिकलो ते कामगार न्यायालयाचे निवाडे, मांडीवर शब्दकोश घेऊन, वाचता वाचता. तथापि गेली कित्येक वर्षे एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला आहे आणि तो चित्रपटाच्याच निमित्ताने पडलेला आहे. म्हणून हे धाडस.

प्रश्न असा. ज्याच्या वाट्याला दिवसभर पराभव येतो, तो माणूस संध्याकाळी पदरचे पैसे मोडून पराभवाचीच गोष्ट पाहावयास का बसतो? आणि ती पाहून उठल्यावर त्याला बरे का वाटते? दमलेल्या माणसाला करमणूक हवी, गाणी हवीत, शेवटी दुष्टाचे पारिपत्य हवे, असे आपण धरून चालतो. बहुतेकांना ते हवे असतेही. पण काही चित्रपट असे आहेत की ज्यांत दुष्ट जिंकतो, सज्जन मरतो, आणि तरीही ते लोकांच्या मनातून जात नाहीत. त्यांतल्या एका इटालियन चित्रपटाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत, आणि तिच्या अनुषंगाने आपल्या मुंबईत तयार झालेल्या दोन चित्रपटांची.

प्रथम ‘वेस्टर्न’ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. अमेरिकेचा पश्चिम भाग गोऱ्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात व्यापला, त्या काळाच्या या गोष्टी. मोकळे माळ, घोडे, पिस्तुले, लाकडी घरांची एकुलती एक रस्ता असलेली वस्ती. या गोष्टीचा एक ठरीव साचा होता. वस्तीत कायदा नाही. गुंडांचे राज्य आहे. बाहेरून एक शूर पुरुष येतो, गुंडांचा निःपात करतो आणि वस्तीला कायद्याच्या छत्राखाली आणून निघून जातो. थोडक्यात, कायदा येणे म्हणजे न्याय येणे, हे त्या साच्याचे तात्पर्य होते. आपल्याकडे या चित्रपटांना ‘काऊबॉयचे पिक्चर’ म्हणत, आणि आमच्या लहानपणी भांडुप-मुलुंडची पोरे लाकडाची पिस्तुले कमरेला खोचून हाच खेळ खेळत असत.

हा साचा इटालियन लोकांनी मोडला. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रोममधल्या चित्रपट-कारखान्यांची स्थिती बिकट होती. पुराणांतल्या पैलवानांवर काढलेले चित्रपट तेथे पुष्कळ चालले होते, त्यांची हौस आता ओसरली. मग निर्मात्यांनी वेस्टर्न काढावयाचे ठरविले. अमेरिकेला जाण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा दक्षिण स्पेनमधील आल्मेरियाचा रखरखीत मुलूख हीच अमेरिका मानली गेली. नट निरनिराळ्या देशांतले, जो तो आपापल्या भाषेत बोले, आणि आवाज मागाहून भरीत. १९६४ साली सेर्जिओ लेओने या दिग्दर्शकाने ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ काढला. त्याची कथा आकिरा कुरोसावाच्या ‘योजिम्बो’ या १९६१ सालच्या जपानी चित्रपटावर बेतलेली होती. तो चित्रपट तुफान चालला आणि त्यामागून असल्या चित्रपटांची रीघ लागली. स्पॅगेटी म्हणजे इटालियन लोकांच्या जेवणातल्या लांब शेवया. त्यावरून या चित्रपटांना कुणी थट्टेने ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले.

या चित्रपटांतला नायक पूर्वीसारखा धुतल्या तांदळासारखा राहिला नाही. तो पैशासाठी पिस्तूल चालवी. दाढी वाढलेली, कपडे मळके, बोलणे तुटक. सज्जन आणि दुर्जन यांच्यामधली भिंत पातळ झाली. पण एक गोष्ट बहुतेक ठिकाणी तशीच राहिली, ती म्हणजे शेवटचा सामना नायक जिंकी. प्रेक्षकाने तिकीट काढले आहे ते त्यासाठीच, असे निर्माते मानीत.

ते न मानणारा एक दिग्दर्शक निघाला, सेर्जिओ कोर्बुची. १९६६ साली त्याने ‘जँगो’ काढला. त्यातला नायक शवपेटी दोरीने ओढीत चिखलातून चालत येतो, आणि पुढे शत्रू त्याचे दोन्ही हात चिरडून टाकतात. पिस्तूलवाल्याचे हात गेले म्हणजे उरले काय? तरी त्या चित्रपटात नायक कसाबसा तरतो. दोनच वर्षांनी, १९६८ साली, कोर्बुचीने ‘द ग्रेट सायलेन्स’ काढला, त्यात ही सवलतही ठेवली नाही. १९६५ साली माल्कम एक्स आणि १९६७ साली चे गव्हेरा मारले गेले. त्या मृत्यूंची छाया या चित्रपटावर होती असे सांगितले जाते.

चित्रपटाची पहिली नवलाई अशी की त्यात वाळवंट नाही. सगळीकडे बर्फ आहे. उत्तर इटलीतल्या डोलोमाइट पर्वतांत बाहेरचे चित्रण झाले. गोष्ट घडते ती अमेरिकेतील यूटा प्रांतात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या हिवाळ्यात. स्नो हिल नावाच्या वस्तीतील काही गरीब लोक परागंदा होऊन डोंगरात लपले आहेत. भुकेपोटी त्यांनी चोऱ्या केल्या असतील. पण त्यांच्या डोक्यावर इनाम लागले आहे आणि ते इनाम लागण्यामागे त्या गावचा सावकार आहे. हाच सावकार तेथला न्यायाधीशही आहे. जिवंत वा मृत, आणून द्या आणि पैसे घ्या, असा कायदा आहे. तेव्हा इनामी मारेकऱ्यांची एक टोळी या उपाशी लोकांना एकेक करून टिपते. टोळीचा म्होरक्या लोको मारलेल्यांची प्रेते रस्त्याच्या कडेला बर्फात पुरून ठेवतो, जणू मालाचे कोठारच, आणि पुढे घोडागाडी त्या वाटेने जाऊ लागली की ती काढून तिच्या टपावर लादतो. क्लाउस किन्स्की या जर्मन नटाने हा लोको उभा केला आहे. तो आरडाओरड करीत नाही. मृदू बोलतो, नम्रतेने वागतो, कारण त्याला घाई नाही. सरकारी कागद त्याच्या खिशात आहे.

त्याच्यासमोर उभा राहतो तो नायक मुका आहे. लहानपणी मारेकऱ्यांनी त्याच्या आईबापांना मारले आणि या पोराने पुढे साक्ष देऊ नये म्हणून त्याचा गळा चिरून आवाज नाहीसा केला. लोक त्याला ‘सायलेन्स’ म्हणतात, म्हणजे मौन. झाँ-लुई त्रँतिन्याँ या फ्रेंच नटाने ही भूमिका केली आणि साऱ्या चित्रपटात तो एकही शब्द बोलत नाही. त्याला कामगिरी सांगते ती पॉलीन नावाची काळी विधवा. तिच्या नवऱ्याला लोकोने मारले आहे. व्होनेटा मॅगी या नटीने ती साकारली. त्या काळच्या वेस्टर्नमध्ये काळ्या स्त्रीला नायिकेचे असे मानाचे स्थान क्वचितच मिळे.

आता येथे थोडे थांबून एका बारकाव्याकडे लक्ष द्यावयास हवे, कारण चित्रपटाची सारी कळ त्यात आहे. हा मुका नायक आधी कधीच गोळी झाडत नाही. तो समोरच्या मारेकऱ्याला डिवचतो, त्याला आधी पिस्तूल काढावयास लावतो, आणि मग झाडतो. म्हणजे ते कायद्याने आत्मसंरक्षण ठरते. म्हणजे पाहा, दोन्ही बाजू कायदा पाळीत आहेत! मारेकरी कायद्याने मारतो आणि त्याला मारणाराही कायद्याच्या फटीतूनच मारतो. जुन्या वेस्टर्नमध्ये कायदा नव्हता म्हणून अन्याय होता; या चित्रपटात कायदा आहे आणि तोच अन्यायाच्या हातात आहे. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावयाची?

गावात एक भला शेरीफही येतो. शेरीफ म्हणजे तिकडचा फौजदार म्हणा. नवा गव्हर्नर या परागंदा लोकांना माफी देण्याच्या विचारात आहे, ही बातमी त्यालाच ठाऊक आहे. तेवढ्यापुरती आपल्याला आशा वाटते. पण गोठलेल्या तळ्यावर लोको त्याच्या पायांभोवतीच्या बर्फावर गोळ्या झाडतो, बर्फ फुटते आणि भला माणूस खालच्या पाण्यात जातो. माफीचा कागद वाटेतच राहतो. मग मारेकरी डोंगरातल्या भुकेल्या लोकांना पकडून दारूच्या गुत्त्यात डांबतात आणि नायकाला निरोप धाडतात: समोरासमोर येशील तर यांना सोडू.

नायकाचा एक हात त्याआधीच निखाऱ्यांवर भाजलेला आहे. हा सापळा आहे हे त्याला कळते, पॉलीनलाही कळते. तरी तो जातो. आडून झाडलेल्या गोळ्या त्याच्या हातांना लागतात, आणि मग लोको त्याला ठार करतो. पॉलीन त्याचे पिस्तूल उचलते, तीही मरते. त्यानंतर गुत्त्यातल्या बांधलेल्या माणसांची कत्तल होते. लोको मुक्याचे पिस्तूल स्वतःसाठी उचलून घेतो, आणि टोळी घोड्यांवर बसून शांतपणे निघून जाते. इनामाची रक्कम तिला कायद्याने मिळणारच आहे. एन्यो मोरिकोनेचे मंद, करुण संगीत चालू असते. पडद्यावर बर्फ, आणि बर्फावर प्रेते. संपले.

हा शेवट निर्मात्यांच्या पचनी पडणार नव्हता हे उघड आहे. काही देशांतल्या बाजारासाठी कोर्बुचीकडून दुसरा शेवटही चित्रित करवून घेण्यात आला. त्यात बुडालेला शेरीफ ऐन वेळी जिवंत होऊन दौडत येतो, नायकाच्या जखमी हातावर लोखंडी पंजा निघतो, दुष्ट मरतात आणि सारे सुखी होतात. हा शेवट आज उपलब्ध आहे. आम्ही तो पाहिला आहे. तो पाहताना हसू येते. अमेरिकेत तर मूळ चित्रपट चित्रगृहांत यावयास पन्नास वर्षे लागली. नव्याने दुरुस्त केलेली प्रत तेथे २०१८ साली लागली.

आता कोणी म्हणेल, ही सातासमुद्रापलीकडची बर्फातली गोष्ट. हिचा आपल्या अंधेरी-मुलुंडशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो दोन वाटांनी येतो.

पहिली वाट सर्वांच्या ओळखीची. इटालियन वेस्टर्नची लाट मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीवर १९७० नंतर आदळली. राज खोसला यांचा ‘मेरा गाँव मेरा देश’ १९७१ चा. १९७४ सालच्या ‘खोटे सिक्के’मध्ये फिरोज खान इटालियन नायकाच्याच थाटात घोड्यावरून येतो. आणि १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ झळकला, जो मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात पाच वर्षांहून अधिक काळ चालला. कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत आपले आल्मेरिया उभे राहिले. त्यातल्या ठाकूरचे दोन्ही हात गब्बरसिंग तोडतो, हे सर्वांना पाठ आहे. चिरडलेले हात, भाजलेले हात, तोडलेले हात: ही खूण त्या जातीच्या चित्रपटांतून फिरत राहिलेली दिसते.

हातांविषयी आम्हांस विशेष वाटते त्याचे कारण धंद्याचे आहे. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. यंत्रात कोणता अवयव गेला म्हणजे माणसाची कमावण्याची ताकद शेकडा किती गेली, याचा त्यात तक्ता होता. दोन्ही हात गेले तर १००. एक अंगठा गेला तर ३०. प्रेसवर अंगठा गमावलेल्या कित्येक माणसांचे अर्ज आम्ही या हातांनी लिहिले आहेत. द्रोणाचार्यांनी एकलव्याचा अंगठा मागितला तेव्हा असा तक्ता नव्हता एवढेच. तेव्हा पडद्यावर कोणाच्या हातावर घाव पडला की आमच्या लोकांच्या अंगावर जो काटा येतो, तो इतरांपेक्षा थोडा निराळा असतो.

‘शोले’चा शेवटही बदलला गेला होता, हे आता बरेच जण जाणतात. लेखक सलीम-जावेद आणि दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी रचलेल्या मूळ शेवटात ठाकूर मोळे ठोकलेल्या जोड्यांनी गब्बरला ठार करतो. पण २५ जून १९७५ ला देशात आणीबाणी पुकारली गेली होती. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात, म्हणजे पायात म्हणा, घेतो हे सेन्सॉरला रुचले नाही. शेवट नव्याने चित्रित झाला. पोलीस वेळेवर आले आणि गब्बरला घेऊन गेले. मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत २०२५ सालच्या जून महिन्यात महोत्सवात दाखविली गेली ती बोलोन्या शहरी, म्हणजे इटलीतच. शेवयांचे ऋण अशा रीतीने फिटले!

दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहा. एकीकडे बाजाराने सांगितले की शेरीफ वेळेवर आला पाहिजे. दुसरीकडे सरकारने सांगितले की पोलीस वेळेवर आले पाहिजेत. ‘शोले’चा मूळ शेवट काही पराभवाचा नव्हे, सूडाचा आहे, पण तोही सांगत होता की न्याय सरकारी गाडीतून आला नाही. हे सांगणे तेवढे नको होते.

दुसरी वाट फारशी कोणी चाललेले नाही. गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘आक्रोश’ १९८० चा. कथा-पटकथा विजय तेंडुलकरांची. पुढल्याच वर्षी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्यास सुवर्ण मयूर मिळाला. यात घोडे नाहीत, पिस्तुले नाहीत. लहान्या भिकू नावाचा आदिवासी स्वतःच्या बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात आहे. खरे गुन्हेगार गावातले प्रतिष्ठित लोक आहेत. तरुण वकील भास्कर कुलकर्णी त्याचा खटला सरकारी नेमणुकीने चालवतो, त्याला परोपरीने विनवितो. पण लहान्या बोलत नाही. ओम पुरी यांनी ती भूमिका जवळजवळ संपूर्णपणे डोळ्यांनीच केली आहे. हा मुका नाही. त्याचा गळा कोणी चिरलेला नाही. बोलून काही होणार नाही, उलट मागे राहिलेल्यांचे वाटोळे होईल, हे त्याला कळून चुकले आहे. शेवटी बापाच्या अंत्यविधीसाठी त्याला बेड्या घालून आणतात. चितेजवळ तरुण बहीण उभी आहे आणि तिच्यावर कोणाच्या नजरा आहेत ते तो पाहतो. तो कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारतो. मग त्याच्या कंठातून आवाज फुटतो, तो केवळ किंकाळी म्हणून.

कोर्बुचीचा चित्रपट पाहून ‘आक्रोश’ निघाला असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तसा काही पुरावा नाही. दोन दूरच्या मुलुखांतल्या माणसांना एकच गोष्ट दिसली, ती ही की जेथे न्यायाची भाषा बलवानांच्या ताब्यात असते तेथे दुबळ्याला मुके होण्यावाचून गत्यंतर नसते. इटालियनाने ते गळ्यावरच्या व्रणाने दाखविले, आपल्याकडल्यांनी मिटलेल्या ओठांनी.

मुकेपण कायद्याने कसे घडते याचे उदाहरण मुंबईकरांना दूर शोधावयास नको. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात अशी योजना होती की एका भागातल्या एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना, आणि मालकाशी बोलणी करण्याचा हक्क तिलाच. योजनेमागचा हेतू भांडणे कमी व्हावीत असा असेल. पण १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांनी ज्यांना पुढारी मानले त्या डॉ. दत्ता सामंतांना कायद्याने बोलण्याचा अधिकारच नव्हता. सामंत हे आपल्या घाटकोपरचे डॉक्टर. खाणीत दगड फोडणाऱ्या मजुरांमध्ये काम करीत ते या क्षेत्रात आले. अडीच लाख माणसे एका आवाजात बोलत होती आणि कायद्याच्या कानी ते मौन होते. तो संप रीतसर कधी मागेही घेतला गेला नाही. सामंतांची हत्या १६ जानेवारी १९९७ रोजी पवईस झाली. या गोष्टीला कोणता गोड शेवट जोडावयाचा?

आता जो प्रसंग सांगावयाचा तो आमच्या कमीपणाचा आहे; पण तो वगळला तर बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी लाल बहादूर शास्त्री मार्गावरील एक इंजिनिअरिंग कारखाना मालकांनी बंद केला. कामगारांना काही रक्कम देऊ केली होती. आम्ही तेव्हा तरुण होतो आणि गेटमीटिंगमध्ये आवाज चढवून बोलण्याची हौस होती. आम्ही म्हणालो, ही भीक घेऊ नका. कायदा आपल्या बाजूने आहे. सहा महिन्यांत फाटक उघडेल. टाळ्या पडल्या. खटला नऊ वर्षे चालला. अखेर हाती आले ते प्रथम देऊ केलेल्या रकमेहून कमी, आणि तेही सर्वांच्या हाती नव्हे, कारण काही जण तोवर राहिले नव्हते. त्या जागेवर पुढे उंच इमारत झाली. आमचे एक जुने टर्नर, ज्यांना सारे मामा म्हणत, त्याच इमारतीच्या फाटकावर रात्रपाळीचे वॉचमन म्हणून उभे राहू लागले.

खटला संपल्यानंतरच्या एका रविवारी, फिल्म सोसायटीत जाणाऱ्या एका तरुण कार्यकर्त्याने या इटालियन चित्रपटाची चकती आणली आणि युनियनच्या कचेरीतल्या टीव्हीवर लावली. दहा-बारा माणसे जमली. खालची इंग्रजी अक्षरे वाचून तो मराठीत सांगत होता. पण नायक मुका असल्याने त्याच्यापुरते भाषांतर लागतच नव्हते. प्रथम थोडी चेष्टा चालली. घोडागाडीच्या टपावर प्रेते चढली तेव्हापासून कोणी बोलेना. चित्रपट संपला, आणि एका पोराने रागाने म्हटले, “हे काय? असा कुठं शेवट असतो?”

मामा कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, “असतो.”

मग जरा वेळाने म्हणाले, “भाऊ, त्याला ठाऊक होतं आपण मरणार. त्या बाईलापण ठाऊक होतं. कुणी कुणाला फसवलं नाही.”

ते आमच्याकडे पाहून बोलले नाहीत. दाराशी वाकून आपल्या चपला शोधत होते. पण ‘सहा महिन्यांत’ हे आमचे शब्द त्या खोलीत आम्हांस पुन्हा ऐकू आले. बाजारासाठी जोडलेल्या त्या दुसऱ्या शेवटाला आम्ही पुढे हसलो खरे. पण बुडालेला शेरीफ ऐन वेळी दौडत आणण्याचे काम त्या गेटमीटिंगमध्ये आम्हीच केले होते, आणि त्याचे मोल दुसऱ्यांनी भरले.

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दिवशी मिळाले असे वाटते. कडू शेवटाचा चित्रपट पाहून आमच्या लोकांना बरे वाटले ते पराभव आवडतो म्हणून नव्हे. आयुष्यभर त्यांना कोणी ना कोणी गोड शेवट विकत आलेला असतो: मालक विकतो, पुढारी विकतो, निवडणुकीत उभा राहणारा विकतो, पडदाही विकतो. शेवट तसा झाला नाही की दोष माणूस स्वतःकडे घेतो; आपणच कुठे कमी पडलो, असे त्याला वाटत राहते. अशा वेळी कोणी त्याला सांगितले की बाबा, डाव असाच मांडला होता, कायद्याचा कागद त्यांच्या खिशात होता आणि तरीही तो मुका बाहेर पडला, तर त्याच्या मनावरचे एक जुने ओझे उतरते. त्याचे दुःख खोटे ठरविले गेले नाही, हा तो दिलासा.

यावर आमच्या मित्रांचा एक आक्षेप असतो. असल्या चित्रपटांनी माणसे निराश होतील, लढावयाचे सोडतील. आक्षेप गंभीर आहे. रक्त सांडण्याच्याच हौसेने काढलेले चित्रपटही पुष्कळ आहेत. त्यांत दुष्ट जिंकतो तो केवळ प्रेक्षकाला धक्का देण्यासाठी, आणि त्यांची आम्ही वकिली करीत नाही. खुद्द कोर्बुचीच्या चित्रपटातही क्रौर्य काही ठिकाणी नको इतके रेंगाळते. दोहोंमध्ये फरक कसा ओळखावा? आमची कसोटी साधी आहे. शेवटी दुष्ट जिंकला तेव्हा तो कशाच्या बळावर जिंकला, हे चित्रपट सांगतो की नाही? ‘द ग्रेट सायलेन्स’ ते सांगतो: इनामाचा कायदा, सावकाराचे न्यायासन, वाटेत राहिलेला माफीचा कागद. ‘आक्रोश’ही सांगतो. पराभवाची कारणे समजली की माणूस पुढल्या खेपेस काय करावे याचा विचार करू लागतो. कारणे झाकून ठेवली तर तो नशिबाला बोल लावीत बसतो.

आम्ही आमच्यापुरता एक बदल केला. तेव्हापासून गेटमीटिंगमध्ये आम्ही सारा हिशोब सांगतो. कायदा काय म्हणतो, खटल्याला किती वर्षे लागू शकतात, वरच्या कोर्टात काय होऊ शकते, तोवर घर कशावर चालेल. प्रारंभी टाळ्या कमी झाल्या आणि काही माणसे जास्त गोड बोलणाऱ्यांकडे गेलीही. पुढे एका कारखान्यातल्या लोकांनी सगळे ऐकून घेतले, रात्रभर आपसांत खल केला, आणि आमच्या मनात लढावयाचे असूनही देऊ केलेली रक्कम स्वीकारली. त्या वेळी आम्हांस वाईट वाटले. आज वाटते, त्यांनी योग्य केले. निदान निर्णय त्यांचा होता आणि डोळे उघडे ठेवून घेतलेला होता. दुसऱ्या एका ठिकाणी तेवढाच हिशोब ऐकून लोकांनी लढावयाचे ठरविले, आणि अवघड काळात ते टिकून राहिले, कारण अवघड काळ येणार हे त्यांना आधीच ठाऊक होते.

मामांविषयी एक सांगून रजा घेतो. त्या रविवारानंतर काही महिन्यांनी ते कचेरीत आले. काम काही नव्हते. ग्रॅच्युइटीच्या उरलेल्या कागदावर सही करावयाची होती. सही झाल्यावर उठता उठता म्हणाले, “भाऊ, तो मुक्याचा पिक्चर परत लावणार असाल तर आधी सांगा. आमच्या फाटकावरचे दोघं-तिघं यायचं म्हणतात. पाळी बदलून घेतो.”